अभ्यंगस्नानाच्या पहाटे घर अंधारात: आरसीसीबी सारखा पडतोय तर काय काय बघायचं

नरकचतुर्दशीला पहाटे पावणेपाचला दार वाजलं की मी चष्म्याआधी टॉर्च शोधतो. गेली कित्येक वर्षं हे ठरलेलं आहे. कोणाच्या तरी घरी गिझर लावलेला असतो, गॅलरीत माळा लुकलुकत असतात, स्वयंपाकघरात इंडक्शनवर चहा चढलेला असतो आणि खट् आवाज होऊन सगळं घर गुडूप. आत पोरं डोक्याला तेल लावून, अर्धं उटणं अंगाला फासून कुडकुडत बसलेली. दारात काकू, "अहो भाऊ, जरा बघता का? पहाटेपासून तिसऱ्यांदा गेली."

मी वायरमन नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात नोकरी झाली, एवढीच माझी पुंजी. त्यामुळे दुसऱ्याच्या घरातला बोर्ड मी उघडत नाही आणि तुम्हीही तुमचा उघडू नका. खाली जे लिहिलंय ते सगळं बोर्डाचं झाकण न काढता करायचं आहे. बहुतेक घरांत दोषी त्यातच सापडतो.

आधी लक्षणं: नक्की काय पडलंय?

"लाइट गेली" एवढ्यावर काही कळत नाही. दाराजवळच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, टॉर्च मारून बघा. बारीक, एकेकटे खटके म्हणजे एमसीबी. त्यावर सी १६, सी १०, बी ६ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यांच्या शेजारी एक रुंद खटका असतो, त्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण आणि ३० एमए (मिलिअँपिअर) किंवा ०.०३ ए असं लिहिलेलं. तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा खटका.

सगळं घर अंधारात आणि रुंद खटका खाली असेल, तर करंट कुठेतरी गळतोय. दिवाळीतली बहुतेक बोलावणी याच प्रकारची.

फक्त स्वयंपाकघर किंवा एकच खोली गेली आणि एक बारीक खटका खाली असेल, तर गळती नाही. लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. वर केल्यावर दहा-वीस मिनिटांनी पडला तर लोड. वर करता करताच पडला तर शॉर्ट.

रुंद आणि बारीक दोन्ही एकदम पडले, तर त्या बारीक खटक्याच्या लाइनवर काहीतरी चांगलंच बिघडलंय. बहुतेक वेळा फेज (करंट आणणारी वायर) थेट अर्थला (जमिनीत जाणाऱ्या सुरक्षेच्या वायरला) टेकलेली असते.

एकही खटका पडलेला नाही आणि तरी अंधार? जिन्यातला दिवा बघा. तोही गेला असेल तर बिघाड तुमचा नाही, वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन लावा आणि पणती लावून बसा.

पाचवं लक्षण वेगळं आहे. काहीच पडलेलं नाही, पण काही दिवे मंद झालेत आणि काही नेहमीपेक्षा जास्त प्रखर. हे दिसलं तर पुढचं वाचू नका. मेन स्विच बंद करा. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटलेला किंवा ढिला झालेला असू शकतो. मग २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये त्याहून कितीतरी जास्त दाब येतो आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकामागोमाग एक जातात. इथे वायरमनच लागतो.

हा रुंद खटका इतका नाजूक का?

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप समजतो. आरसीसीबी किती करंट वापरला ते बघतच नाही. फेजमधून जेवढा आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच बघतो. कमी परत आला तर उरलेला दुसरीकडून वाहतोय: ओल्या भिंतीतून, लोखंडी ग्रिलमधून किंवा माणसाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअर फरक झाला की त्याने पडायलाच हवं, आणि पंधराच्या वर कधीही पडला तरी तो नियमात आहे. एवढा करंट ९ वॉटच्या एलईडी बल्बलासुद्धा पुरा पडत नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीला ही गळती दिसतच नाही. त्याच्या हिशेबात ती चिल्लर आहे.

म्हणून "आमच्याकडे फार काही चालू नव्हतं हो" हे वाक्य आरसीसीबीच्या बाबतीत निरुपयोगी आहे. एक ओली माळ पुरते.

पहिली तपासणी, फुकटची: वेळ लिहून ठेवा

कागदावर लिहा: किती वाजता पडला, त्या क्षणी काय काय चालू होतं, आदल्या दोन दिवसांत घरात नवीन काय आलं. हसू नका. एका घरी लागोपाठ तीन दिवस पहाटे चार ते सहाच्या मध्ये खटका पडायचा आणि अकरानंतर सगळं सुरळीत. वायरमन दुपारी येऊन "काही नाही, ठीक आहे" म्हणून दोनदा परत गेला होता. कागदावर वेळा मांडल्या आणि उलगडलं: दव. गॅलरीतली माळ पहाटे दवाने ओली व्हायची, उन्हं आली की वाळायची.

दुसरी: एकेक करून खटके

हात कोरडे, पायात रबरी चप्पल. डीबीतले सगळे बारीक खटके खाली करा. मग आरसीसीबी वर करा. काही खटके पडल्यावर अर्ध्यातच अडकतात, म्हणून आधी पूर्ण खाली ओढून मगच वर ढकलायचा. "वर जातच नाही, बिघडलाय" ही तक्रार निम्म्या वेळा एवढ्यानेच मिटते.

आता बारीक खटके एकेक वर करत जा, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याला हात लावल्यावर रुंद खटका पडला, त्या लाइनवर शोध सुरू. ती लाइन खाली ठेवून बाकी घर चालू करा. पोरांच्या आंघोळीची सोय गॅसवर पातेलं ठेवून होते. आमच्या लहानपणी परसात बंब पेटायचा, त्याला अर्थिंग लागत नव्हतं.

सगळे बारीक खटके खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर लगेच नवा आणायला पळू नका. पुढची तपासणी आधी करा.

तिसरी: बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. भिंतीवरचं बटण आणि साधा एमसीबी दोन्ही फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एखाद्या उपकरणात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले असतील तर बटण बंद, एमसीबी खाली, तरीही बाकी घराचा थोडा करंट त्या वाटेने अर्थला पळतो आणि आरसीसीबी पडतो. लोक म्हणतात, "गिझर तर बंदच होता!" बंद होता, पण पिन सॉकेटात होती.

म्हणून सगळ्या पिना काढा, अगदी सगळ्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, वॉटर प्युरिफायर, राउटर, पाहुण्यांचे चार्जर, ई-स्कूटरचा चार्जर. सोफ्यामागे ढकललेलं एक्स्टेंशन हमखास विसरतं. फ्रिजची पिन काढताना श्रीखंडाची काळजी करू नका, दार उघडलं नाही तर तासाभरात त्याला काही होत नाही.

आता खटके वर करा. टिकले तर वायरिंग ठीक आहे आणि दोषी या पिनांपैकीच कोणीतरी आहे. एकेक पिन लावत जा, प्रत्येक वेळी उपकरण थोडा वेळ चालवून बघा. सगळ्या पिना काढूनही टिकला नाही, तर गळती भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे किंवा आरसीसीबीच गेलाय. तुमचं काम इथे संपलं, थेट शेवटच्या भागाकडे जा.

चौथी: माळा आणि आकाशकंदील

वर्षभर माळ्यावर पिशवीत गुंडाळून ठेवलेली माळ दिवाळीच्या आदल्या रात्री निघते. पावसाळ्याची ओल आत असते, वायर कडक झालेली, एखाद्या ठिकाणी उंदराचे दात. गेल्या वर्षी तुटलेली असते म्हणून पिळून सेलोटेप लावलेली असते. हीच माळ आपण लोखंडी ग्रिलला करकचून, चक्क तारेने बांधतो. ग्रिल भिंतीत, भिंतीवर दव. वर गॅलरी धुताना मारलेलं पाणी. करंटला जायला याहून सोपी वाट नाही.

आणि ग्रिलला आपण हात लावतो. कपडे वाळत घालायला, खाली वाकून भाजीवाल्याला हाक मारायला. आरसीसीबी पडला म्हणजे तुम्ही वाचलात.

करायचं काय? पिन काढून माळ हातात घ्या आणि पूर्ण लांबी बोटांमधून सरकवा. उघडी तांब्याची तार, चिकट झालेला टेप, बल्बजवळ हिरवट-काळा थर, तडकलेला छोटा डबा (ज्यात लुकलुकायचं सर्किट असतं), यातलं एकही दिसलं की माळ कचऱ्यात. दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूला जोडकाम करत बसू नये. मी हे अनुभवाने सांगतो. एका दिवाळीत आमच्याच घरचा खटका पडत होता आणि मी गिझर, मायक्रोवेव्ह, प्युरिफायर सगळं पालथं घालून दोन तासांनी तुळशीवरच्या माळेपाशी पोचलो. तो जोड मी स्वतः मारलेला होता. ही पहिल्याच मिनिटाला म्हणाली होती की ती माळ काढा.

चांगली माळसुद्धा ग्रिलला तारेने बांधू नका, प्लॅस्टिकच्या टायने बांधा. लुकलुकीचा डबा आणि पिनेचा जोड घराच्या आत, कोरड्यात ठेवा. घराबाहेर लावायच्या असतील तर छोट्या अडॅप्टरवर कमी व्होल्टने चालणाऱ्या माळा घ्या. आकाशकंदिलातला होल्डरही बघा, विशेषतः पितळी असेल तर. त्यात पाणी साचतं. बल्ब खाली तोंड करून लटकत असेल तर वायर होल्डरवर येण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, होल्डरमध्ये उतरणार नाही.

पाचवी: वर्षातून एकदाच निघणारा ओव्हन

नानकटाई किंवा भाजकी चकली करायची म्हणून ओटीजी खाली उतरवला, पिन लावली, खट्. लोकांना वाटतं ओव्हन जळाला. बरेचदा तसं नसतं. त्याच्या कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. चार महिने पावसात न वापरता ठेवला की ती दमट होते आणि गळती सुरू. दार उघडं ठेवून दिवसभर कडक उन्हात ठेवा, मग कमी तापमानावर एकदा लावून बघा. तरीही पडला तर दुरुस्तीच्या दुकानात. आरसीसीबी नसलेल्या लाइनवर लावून "वाळवून" घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्या वेळी ओव्हनच्या पत्र्याला करंट असू शकतो.

सहावी: गिझर

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या इमारतींत हा क्रमांक एकचा संशयित. जड पाण्याने एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या नळीवर) क्षाराचा थर चढतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, नळी तडकते आणि पाणी आत शिरतं. याची खूण अशी की लावल्या लावल्या काही होत नाही, पाच-दहा मिनिटांनी, एलिमेंट तापून फट रुंदावली की खटका पडतो. म्हणून नेमका पहिल्या आंघोळीच्या वेळी.

तपासणी एकच: पिन काढून ठेवा, चोवीस तास वापरू नका. तेवढ्या वेळात खटका पडला नाही तर गिझरच. झाकण स्वतः उघडू नका. एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट बदलणं हे सर्व्हिसवाल्याचं काम, आणि दिवाळीत तो मिळणार नाही हे गृहीत धरून नवरात्रातच एकदा बघून घ्या.

इथे एक गोष्ट जरा चढ्या आवाजात सांगतो. काही महाभाग अशा वेळी गिझरची अर्थची वायर कापतात किंवा तिसरी पिनच काढून टाकतात. खटका पडायचा थांबतो, घरचे खूश, तो पैसे घेऊन जातो. गळती तशीच आहे, फक्त तिला जायला वाट उरलेली नाही. ती वाट आता शॉवरखाली ओल्या अंगाने उभा असलेला माणूस देईल. तेव्हा आरसीसीबी पडेल अशी आशा, आणि घरात आरसीसीबी नसेल तर तीही नाही.

सातवी: बारीक खटका पडत असेल तर वॉटची बेरीज

हे पटकन उरकतो. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटला १३८० वॉट ही मर्यादा, सोळाच्या मोठ्याला ३६८०. इंडक्शन २०००, एअर फ्रायर १५०० च्या आसपास, किटली १५००, मिक्सर ७५०. हे सगळं ओट्यावरच्या एका एक्स्टेंशनवर लावून "एमसीबी खराब आहे" म्हणायचं नाही. उपकरणं वेगवेगळ्या लाइनवर लावा किंवा एकामागून एक चालवा. आणि सोळाचा पडतो म्हणून पंचवीसचा एमसीबी बसवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो. तो मोठा केला म्हणून वायर जाड होत नाही.

आठवी: कोणीच एकटा दोषी नाही

हा प्रकार अलीकडे वाढलाय. एकेक पिन लावून बघितली, सगळं टिकलं. संध्याकाळी सगळं एकत्र चालू झालं आणि पडला. चार्जर, टीव्ही, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, प्रत्येकातून थोडीशी गळती होतेच. त्यांच्या आतल्या फिल्टरची रचनाच तशी असते, तो दोष नाही. पण सुट्टीत मुलगा-सून, मुलगी-जावई, नातवंडं आली की प्रत्येकामागे दोन-तीन चार्जर वाढतात, थेंबे थेंबे तळं साचतं, आणि वरून दमट माळेचे दोन-चार मिलिअँपिअर पडले की पंधराचा उंबरठा ओलांडला जातो. त्या दिवसापुरता इलाज म्हणजे नको त्या पिना काढणं. कायमचा इलाज म्हणजे एकाच आरसीसीबीवर सगळं घर न ठेवता लाइनी विभागून घेणं. त्याचा खर्च जास्त, काम वायरमनचं, आणि ते दिवाळीनंतर करा.

इन्व्हर्टर किंवा एसी नवीन बसवल्यापासूनच खटका पडू लागला असेल, तर बसवणाऱ्याने एका लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनला जोडलाय का, हे वायरमनला मुद्दाम बघायला सांगा. जाणारा करंट आरसीसीबीतून आणि परतीचा भलतीकडून, की तो पडणारच. घरातली सगळी उपकरणं निर्दोष असतात आणि तुम्ही उगाच गिझरवर आळ घेत बसता.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

बोर्डातून जळका किंवा खारट मासळीसारखा वास आला. सॉकेट तपकिरी पडलंय किंवा हाताला गरम लागतंय. नळाला, गिझरच्या पाइपला किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. बोर्डात पाणी गेलंय. एमसीबी वर करता करता दोनदा पडला. सगळ्या पिना काढूनही आरसीसीबी टिकत नाही. यातलं काहीही असेल तर तिसऱ्यांदा खटका वर करू नका. मेन बंद. आणि खटका वर धरून ठेवायला काडी किंवा चिकटपट्टी लावणारे मी पाहिलेत, म्हणून तेही लिहितो: नको.

वायरमन परवानाधारक असावा. तो आला की तुमचा कागद त्याच्या हातात द्या: वेळा, कोणती लाइन, काय लावल्यावर पडतो. त्याचा तासभर वाचतो. त्याला मेगर आणायला आधीच फोनवर सांगा. मेगरने वायरिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर मोजता येतं आणि गळती कोणत्या लाइनवर आहे ते आकड्यात कळतं. नुसता टेस्टर लावून बघणाऱ्याला भिंतीतली गळती सापडत नाही. मग तो अंदाजाने आरसीसीबी बदलतो, आणि भाऊबीजेला तुम्ही परत माझ्या दारात.

काम झालं की पैसे देण्याआधी त्याच्यासमोर ते 'टी'चं बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर आरसीसीबी निकामी आहे, बदलूनच घ्या. पडला तर परत वर करा, गिझर लावा, एलिमेंट तापेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तोवर त्याला फराळाची बशी द्या.